पेरते हात थांबू नयेत

(बायबल वाचन : गलतीकरांस पत्र ६:६-१०, मार्क ४:२६-२९)



जून महिना आला की आपल्या जुन्या मंडळींचे डोळे आजही आभाळाकडे लागतात. आपल्या भागात भातशेती आता फारशी उरलेली नाही. जिथे राब भाजला जात असे, तिथे इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरीही पहिला पाऊस पडला आणि मातीचा वास आला की घरातला एखादा आजोबा म्हणतोच, "आमच्या वेळेला या दिवसांत पेरणी उरकलेली असायची." पेरणी ही आपल्या रक्तात आहे. म्हणूनच प्रभू येशूचे पेरणीचे दाखले आपल्याला समजावून सांगावे लागत नाहीत.

जून महिना आपल्या धर्मग्रामात आणखी एका पेरणीचा असतो. धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू होतात. यंदा या वर्गांची तयारी चालू असताना आमच्या कानांवर जे पडले, त्यातूनच आजचा हा अभ्यास सुचला. रविवारच्या मिस्सानंतर आपल्या एक ज्येष्ठ धर्मशिक्षिका आम्हाला भेटल्या. १९ वर्षे त्या मुलांना शिकवीत आहेत. त्या म्हणाल्या, "फादरांना सांगा, यंदा माझं नाव धरू नका. दृढीकरण संस्कार झाला की मुलं देवळाकडे फिरकत नाहीत. रस्त्यात दिसली तर ओळख देत नाहीत. इतकी वर्षं मी पेरते आहे की नुसतीच माती उकरते आहे?"

आम्ही त्या दिवशी काहीच उत्तर देऊ शकलो नाही. "असं म्हणू नका, टीचर" एवढेच म्हणालो आणि ते उत्तर नव्हते, हे त्यांनाही कळले आणि आम्हालाही. घरी आल्यावर मात्र लक्षात आले, की हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. मुलगा मिस्साला येत नाही म्हणून रोज रात्री रोझरी करणारी आई हेच विचारते. दारूच्या आहारी गेलेल्या भावाला पाचव्यांदा उपचारासाठी नेणारी बहीण हेच विचारते. गरीब कुटुंबांना दरमहा धान्य पोहोचवणारे आपले कार्यकर्तेही थकून हेच विचारतात. चांगले पेरून उगवत का नाही? आणि उगवत नसेल तर किती दिवस पेरायचे?

संत पौलाने या प्रश्नाला उत्तर दिलेले आहे. ते आज आपण थोडे सावकाश वाचू या.

हे लिहिणारा माणूस स्वतः थकलेला होता

गलतीया हा प्रदेश आजच्या तुर्कस्तानात येतो. तिथल्या ख्रिस्ती समूहांची पेरणी पौलाने स्वतः केली होती. तो तिथे आजारी अवस्थेत पोहोचला आणि लोकांनी त्याला देवदूतासारखे स्वीकारले, असे तो आठवणीने लिहितो (४:१३-१४). पण तो पुढे गेल्यावर दुसरे शिक्षक आले आणि त्यांनी लोकांची मने फिरवली. सुंता व नियमशास्त्र यांवाचून तारण नाही, असे ते सांगू लागले. ज्यांनी पौलावर जीव टाकला होता, तेच त्याच्यापासून दूर जाऊ लागले.

या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौलाची कळ ऐकू येते. आपण तुमच्यासाठी घेतलेले श्रम वाया तर गेले नाहीत ना, अशी भीती तो बोलून दाखवतो (४:११). ख्रिस्त तुमच्यात आकाराला येईपर्यंत मला पुन्हा प्रसूतिवेदना सोसाव्या लागत आहेत, असेही म्हणतो (४:१९). आपल्या धर्मशिक्षिकेच्या मनात जे आले, तेच या महान प्रेषिताच्याही मनात आले होते. त्याने ते लपवले नाही.

म्हणून सहाव्या अध्यायात, चांगले करताना आपण खचून जाऊ नये, असे जेव्हा तो सांगतो, तेव्हा ते सुरक्षित जागी बसून केलेले उपदेश नसतात. ज्याचे स्वतःचे शेत डोळ्यांदेखत सुकत होते, त्या शेतकऱ्याचे ते बोल आहेत. आणखी एक बारीक गोष्ट पाहा. तो 'तुम्ही खचू नका' म्हणत नाही, 'आपण' म्हणतो. स्वतःलाही तो त्यात धरतो.

दोन शब्द, दोन धोके

नवव्या ओवीत पौलाने थकण्यासाठी दोन वेगळे ग्रीक शब्द वापरले आहेत. पहिल्याचा अर्थ मनाने खचणे, धीर सोडणे. दुसऱ्याचा अर्थ अंगातले बळ जाऊन ढिले पडणे, गळून जाणे. मन खचणे वेगळे आणि अंग गळणे वेगळे, हे पौलाला ठाऊक होते.

हाच दुसरा शब्द शुभवर्तमानात एका ओळखीच्या प्रसंगी येतो. लोक तीन दिवस येशूजवळ थांबले होते आणि त्यांच्याजवळ खायला काही नव्हते. यांना उपाशी घरी पाठवले तर वाटेत गळून पडतील, अशी काळजी येशूला वाटली (मार्क ८:३). मग त्याने काय केले? गळून पडू नका, असा त्यांना उपदेश केला नाही. त्याने भाकरी घेतल्या, उपकारस्तुती केली, मोडल्या आणि वाटायला दिल्या.

ज्याला गळून पडायचे नसेल त्याने आधी जेवले पाहिजे. आपण सेवा करतो, शिकवतो, धावपळ करतो. पण पुष्कळदा आपल्या मिस्सा उभ्याउभ्या होतात. एक डोळा मुलांच्या रांगेवर, दुसरा सजावटीवर, मन पुढच्या कार्यक्रमात. प्रभू आपल्याला कम्युनियनमध्ये अन्न देत असतो आणि आपण ते घाईत घेतो. मग ऑगस्टपर्यंत अंग गळते आणि आपल्याला वाटते की श्रद्धाच कमी पडली. श्रद्धा कमी पडलेली नसते, आपण उपाशी असतो. प्रेषित दमून परतले तेव्हा येशूने त्यांनाही एकांतात थोडी विश्रांती घ्यायला सांगितले होते (मार्क ६:३१). विसावा घेणे म्हणजे नांगर टाकून देणे नव्हे.

पिकाला त्याची वेळ असते

न खचलो तर 'योग्य वेळी' कापणी करू, असे वचन पौल देतो. इथे वेळेसाठी 'कैरोस' हा शब्द आहे. घड्याळातल्या वेळेसाठी ग्रीक भाषेत दुसरा शब्द आहे. 'कैरोस' म्हणजे एखाद्या गोष्टीचा हंगाम, तिची नेमकी घडी. पीक आपल्या सोयीने येत नाही, ते त्याच्या हंगामात येते.

पण पुढच्याच ओवीत पौल हाच शब्द पुन्हा वापरतो. आपल्याला 'कैरोस' आहे तोवर सर्वांचे आणि विशेषतः श्रद्धेच्या घराण्यातल्यांचे बरे करू या, असे तो सांगतो. म्हणजे हंगाम दोन आहेत. कापणीचा हंगाम देवाच्या हाती आहे. पेरणीचा हंगाम आज, आपल्या हाती आहे. आपली गल्लत अशी होते, की आपण देवाच्या हंगामाची चिंता करत बसतो आणि आपला हंगाम निघून जातो. जूनमध्ये पेरले नाही तर दिवाळीच्या सुमारास कापायला काय असणार?

मार्कच्या चौथ्या अध्यायात येशूने सांगितलेला एक छोटा दाखला फक्त याच शुभवर्तमानात आढळतो. माणूस बी टाकतो. रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी रुजते, वाढते, पण कसे ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते. आधी पाते, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. मूळ ग्रीक भाषेत 'आपोआप' या अर्थाचा जो शब्द इथे आहे, त्यावरूनच आपल्या रोजच्या बोलण्यातला 'ऑटोमॅटिक' हा शब्द आलेला आहे.

हा शेतकरी झोपतो, ही गोष्ट आम्हाला फार दिलासा देते. रुजले की नाही हे पाहायला तो रोज माती उकरत नाही. उकरले तर कोंब मोडतो. मुलांच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो. काल सांगितले, आज बदल दिसला पाहिजे. नाही दिसला की पुन्हा बोलतो, टोमणे मारतो, शेजारच्या मुलाशी तुलना करतो. ती पेरणी नव्हे, ते उकरणे झाले.

एका आईची कहाणी

हंगाम कसा लांबतो हे पाहायचे तर संत मोनिका आठवावी. तिचा मुलगा ऑगस्टिन इ. स. ३५४ साली आजच्या अल्जेरियातील थागास्ते गावी जन्मला. विशीच्या उंबरठ्यावर असताना तो मानी पंथाच्या नादी लागला. तिथपासून त्याच्या स्नानसंस्कारापर्यंत सुमारे १४ वर्षे गेली. या काळात मोनिका रडली, तिने प्रार्थना केली, लोकांना विनवण्या केल्या. एका बिशपांकडे जाऊन, तुम्ही याच्याशी बोला, असा तिने आग्रह धरला. ते बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढले होते. त्यांनी नकार दिला. तो अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू द्या, तुम्ही फक्त प्रार्थना करा, असे त्यांनी सुचवले. ती तरीही रडत राहिली, तेव्हा एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जाणार नाही, अशा अर्थाचे धीराचे बोल त्यांनी तिला ऐकवले.

इ. स. ३८३ साली ऑगस्टिनने रोमला जायचे ठरवले. मोनिकाला ते नको होते. तिला फसवून तो रात्री जहाजावर चढला. त्या रात्री ती किनाऱ्याजवळच्या संत सिप्रियनच्या स्मृतिस्थानी प्रार्थना करीत होती, की माझ्या मुलाला जाऊ देऊ नकोस. सकाळी पाहते तर जहाज गेलेले! केवढी मोठी प्रार्थना फुकट गेली, असे तिला वाटले असेल. पण याच प्रवासातून ऑगस्टिन पुढे मिलानला पोहोचला, बिशप ॲम्ब्रोझ यांची प्रवचने ऐकू लागला, आणि इ. स. ३८७ च्या ईस्टरच्या रात्री त्यांच्याच हातून त्याला स्नानसंस्कार मिळाला. पुढे आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथात ऑगस्टिनने याचा अर्थ लावला आहे. आईने त्या रात्री जे मागितले ते देवाने दिले नाही. ती नेहमी जे मागत होती ते देण्यासाठीच दिले नाही.

त्याच वर्षी, आफ्रिकेला परतण्यासाठी ओस्तिया बंदरात थांबली असताना, मोनिका वयाच्या ५६व्या वर्षी वारली. तिने कापणी पाहिली, पण काही महिनेच. तिचा मुलगा ३९१ साली याजक झाला, पुढे हिप्पोचा बिशप झाला, ख्रिस्तसभेचा महान आचार्य झाला, यातले काहीच तिने पाहिले नाही. २७ ऑगस्टला आपण तिचा सण साजरा करतो आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या मुलाचा.

ज्यांनी पीक पाहिलेच नाही

मोनिकाने थोडे तरी पीक पाहिले. काहींना तेही दिसत नाही. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, असे येशू शिष्यांना सांगतो (योहान ४:३७). याचे एक उदाहरण आपल्या मराठी भाषेतच आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि सासष्टीत त्यांनी अनेक वर्षे सेवा केली. लोकांची भाषा ते मन लावून शिकले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना वाचायला, गायला आपल्या भाषेत काही नव्हते, ही उणीव त्यांनी ओळखली आणि तारणाची संपूर्ण कथा सुमारे ११,००० ओव्यांत रचली. हेच ते 'ख्रिस्तपुराण'. १६१६ साली ते राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६१९ साली फादर स्टीफन्स वारले. छापील पुस्तक त्यांच्यासमोर जेमतेम तीन वर्षे होते.

त्यानंतर १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. पण १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवर बंदी आणणारा हुकूम काढला. आज त्या तीनही जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. माणसाच्या हिशेबाने ही पेरणी संपली होती. तरीही भाविक घराण्यांनी हाताने नकला करून हा ग्रंथ जपला. हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला, आणि १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती काढली. १६५४ ते १९०७ म्हणजे २५३ वर्षे हे बी जमिनीखाली होते. नकला करणाऱ्या त्या हातांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांनीही त्याचे फळ पाहिले नाही. आज मराठीत प्रभूची कथा गाणारे आपण सारे त्याच पिकाचे वाटेकरी आहोत.

आपण काय पेरतो?

इथे स्वतःला एक अवघड प्रश्न विचारणे भाग आहे. देवाची थट्टा होऊ शकत नाही, माणूस जे पेरतो तेच कापतो, असे पौल बजावतो (६:७). देहासाठी पेरणारा नाश कापतो, आत्म्यासाठी पेरणारा सार्वकालिक जीवन कापतो. 'देह' म्हणजे इथे केवळ शरीराची पापे नव्हेत. पाचव्या अध्यायातील यादीत वैर, कलह, मत्सर, फुटी यांचाही समावेश आहे.

धर्मशिक्षणाचा वर्ग आठवड्याला एक तास. उरलेले तास मूल घरात असते. मिस्साहून परतताना वाटेतच आपण गायनमंडळाला नावे ठेवतो. जेवताना जमिनीच्या वादातल्या चुलतभावाचा उद्धार करतो. मूल ऐकत असते. मग दृढीकरणानंतर ते देवळाकडे फिरकत नाही, याचा सगळा दोष शिक्षिकेच्या पदरात टाकणे न्यायाचे होईल का? शेतात एकाने भात पेरायचे आणि दुसऱ्याने रात्री तण टाकायचे, असे चालले तर दोष बियाण्याचा नसतो.

म्हणूनच पेरणीच्या या ओव्यांच्या अगदी आधी पौलाने जे लिहिले आहे, ते आपण सहसा वगळतो. वचनाचे शिक्षण घेणाऱ्याने शिक्षण देणाऱ्याला आपल्या सर्व चांगल्या गोष्टींत वाटेकरी करावे, असे तो सांगतो (६:६). 'शिक्षण घेणारा' आणि 'शिक्षण देणारा' यांसाठी त्याने जे ग्रीक शब्द योजले आहेत, त्याच धातूपासून 'काटेकिझम' आणि 'काटेकिस्ट' हे शब्द बनले आहेत. म्हणजे चांगले करताना खचू नका हे वचन पौलाने जिथे लिहिले, तिथे त्याच्या डोळ्यांसमोर सर्वात आधी धर्मशिक्षक होते! आणि त्यांना खचू न देणे ही जबाबदारी त्याने शिकणाऱ्यांवर, म्हणजे आपल्या सर्वांवर टाकली आहे.

आम्ही आमच्याच मनाला विचारले. या १९ वर्षांत आमच्यापैकी किती पालकांनी त्या शिक्षिकेला घरी चहाला बोलावले? पहिल्या कम्युनियनच्या दिवशी फोटोग्राफरला जेवायला बसवले, पण जिने प्रार्थना पाठ करून घेतल्या तिला विसरलो. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या दिवशी सुचले नाही, कारण त्या प्रश्नात आमचाही वाटा होता.

आता काय करायचे?

पेरत राहणे म्हणजे सगळे एकट्याने ओढणे नव्हे. मी लावले, अपोल्लोसने पाणी घातले, पण वाढवले देवाने, असे पौल करिंथकरांना सांगतो (१ करिंथ ३:६). ज्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, त्यांनी दुसऱ्याच्या ओंजळीत बी द्यावे. तोही पेरणीचाच भाग आहे. ज्यांची मुले मोठी झाली आहेत, त्यांनी आपले दोन तास द्यावेत. ज्या आईचा मुलगा मिस्साला येत नाही, तिने आज त्याला काही न बोलता त्याच्या आवडीचे जेवण करावे, आणि रात्रीची रोझरी मात्र सोडू नये.

त्या शिक्षिकेला आम्ही गेल्या आठवड्यात पुन्हा भेटलो. हे सगळे वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले. अजून होकार दिलेला नाही आणि आम्हीही आग्रह केला नाही. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, "तिसरीच्या वर्गाच्या वह्या माझ्याकडेच आहेत. कुणी घेणार असेल तर पाठवा, नाहीतर बघते." वर्ग पुढच्या रविवारी मिस्सानंतर सुरू होत आहेत. त्या वह्या घ्यायला आपल्यातून एक जण त्यांच्या दारी जाईल आणि त्यांच्या शेजारी बसून वर्षभर शिकेल, अशी आमची प्रार्थना आहे.

चिंतनासाठी प्रश्न (लघु ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी)

१. मी लहान असताना माझ्यात श्रद्धेचे बी कोणी पेरले? ती व्यक्ती हयात असेल तर मी तिला कधी तसे सांगितले आहे का?

२. कोणते चांगले काम मी फळ दिसत नाही म्हणून अर्ध्यावर सोडले? ते आज पुन्हा कसे हाती घेता येईल?

३. गेल्या आठवड्यात माझ्या घरात माझ्या बोलण्यातून काय पेरले गेले?

४. आपल्या वाडीत कोण सेवा करून थकले आहे? त्यांच्यासाठी आपण या महिन्यात काय करू?

प्रार्थना

हे प्रभू येशू, पेरणाऱ्या, तू वाटेवर, खडकावर आणि काट्यांतही बी टाकतोस आणि हात आखडत नाहीस. आमचे हात थकले आहेत. आम्हाला तुझ्या भाकरीने बळ दे. पिकाची घाई आमच्यातून काढून टाक आणि पेरणीचा आळसही. आमच्या मुलांत, आमच्या घरांत आणि या धर्मग्रामात तू पेरलेले जे बी अजून मातीखाली आहे, त्यावर तुझ्या पवित्र आत्म्याचा पाऊस पडू दे. आणि ज्यांनी आमच्यासाठी पेरले पण पीक पाहिले नाही, त्यांना तुझ्या कोठारात आनंदाने घे. आमेन.